तिचं वाण इथेच आहे

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जेमतेम दहा मिनिटं, आणि तुम्ही दोघं संक्रांतीपासून घरी आलेले नाहीत. पाडव्याला श्रीखंड तुमच्या वाट्याचं धरून केलं होतं. तू फोनवर "काम आहे गं" म्हणालास. खरं कारण मला ठाऊक आहे.

शेजारच्यांच्या नातवाचं बोरन्हाण आपल्याकडे झालं, तो दिवस. हलव्याचे दागिने घातलेलं ते पोर, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडताना नुसतं खिदळत होतं. माझा जीव असा भरून आला की मी सगळ्या बायकांसमोर सूनबाईला म्हणाले, "पुढच्या वर्षी आपल्या घरचं बोरन्हाण हवं हं. किती वाट बघायला लावणार?" ती हातातलं तबक ठेवून आत गेली. त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

2022 साली हरिद्वारच्या एका जोडप्याने मुलावर आणि सुनेवर दावा लावला होता: वर्षाच्या आत नातवंड द्या, नाहीतर पाच कोटी द्या. बाबांनी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मी म्हणाले होते, "कसली ही माणसं!" मग मी त्या दिवशी वेगळं काय केलं?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू झालास तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची असे. आता 2017 पासून सव्वीस झाली. रजा संपली आणि तुला आजींच्या मांडीवर ठेवून मी लोकल पकडली. सकाळी तू झोपलेला, रात्री मी येईपर्यंत परत झोपलेला. आजी तुला संध्याकाळी तलावपाळीला न्यायच्या. तिथेच तू पहिल्यांदा हात सोडून चाललास. मी तेव्हा दादर-कुर्ल्याच्या मधे कुठेतरी गर्दीत उभी होते. घरी आल्यावर आजींनी सांगितलं, आणि मी मोरीत जाऊन रडले.

नातवंड हवं म्हणते ना, तेव्हा मला त्या हुकलेल्या संध्याकाळी हव्या असतात रे. पण ते माझं येणं आहे. ते तिच्याकडून कसं वसूल करू?

ओढ आहे, ती नाही असं खोटं सांगणार नाही. तुम्ही ठरवलंय की नाही, जमत नाहीये की नकोच आहे, हे मात्र मी पुन्हा विचारणार नाही. बाबाही नाही. त्या दिवशीच्या बायकांना, माझं चुकलं, असं मी एकेकीला सांगून आले आहे. तिला सांगायचं राहिलंय, ते समोर बसून.

रविवारी या. कोथिंबिरीच्या वड्या करते. तिचं संक्रांतीचं वाण अजून देवघराशेजारी ठेवलेलं आहे.

तुझी,
आई