दुकान अण्णाच्या हवाली करा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, म्हणून हे पत्र. ताई मोठ्या अक्षरांत छापून आणेल, मोबाइलवर वाचत बसू नका.

राजीनामा मंजूर झाला. पुढचं वर्षभर मी इस्तंबूललाच राहणार आहे. एका फोटो-लॅबमध्ये जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं काम मिळालंय. पगार कंपनीच्या निम्म्याहून कमी (ताईने सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही), पण भाडं, खाणं, विमा सगळं भागतं. राहण्याचा परवानाही वाढवून मिळालाय. सकाळी लॅब, दुपारनंतर माझा कॅमेरा. हे सगळं ठरवून झाल्यावर सांगते आहे याचा राग येणार, तो येऊ दे. आधी विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी गप्प बसले असते.

बाबा, तुम्ही म्हणणार, बी.फार्म. काय फोटो काढायला केलं? म्हणून तुमच्याच धंद्यातल्या एका माणसाच्या मुलाबद्दल सांगते. आरा गुलेर त्याचं नाव, इस्तंबूलचा आर्मेनियन फोटोग्राफर. वडील दाजात लहानपणीच अनातोलियातल्या शेबिनकाराहिसारकडच्या गावातून शिकायला इस्तंबूलला आले. 1915 मध्ये तिकडच्या आर्मेनियनांची गावंच्या गावं उठली, कत्तली झाल्या. हे इस्तंबूलला होते म्हणून वाचले. पुढे इस्तिकलाल रस्त्यावर त्यांची फार्मसी होती. नाटकवाल्यांची तिथे ऊठबस. 1928 मध्ये जन्मलेला मुलगा औषधांच्या बाटल्यांपेक्षा त्या नाटकवाल्यांकडेच बघत राहिला. सिनेमाच्या स्टुडिओत कामं केली, तुर्की नाट्यदिग्दर्शक मुहसिन एर्तुरुल यांच्याकडे नाटकाचे धडे घेतले, विद्यापीठात अर्थशास्त्राला नाव घातलं आणि 1950 मध्ये एका वर्तमानपत्रात फोटोग्राफर म्हणून लागला. गल्ल्यावर काही बसला नाही.

पुढची यादी मोठी आहे. टाइम-लाइफ, पॅरी मॅच, श्टेर्न अशी परदेशी नियतकालिकं, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँशी ओळख, तिथून मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था. चर्चिल, पिकासो, ऑपेरा गायिका मारिया कॅलास, आपल्या इंदिराबाईसुद्धा त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. पण मला त्याचं त्याआधीचं काम जास्त आवडतं. 1952 मध्ये 'जामानाक' या आर्मेनियन दैनिकासाठी त्याने इस्तंबूलमधल्याच कुमकापी वस्तीतल्या कोळ्यांवर फोटोंची मालिका केली. ही माणसं त्याच्याच समाजातली, होडीवर, जाळ्यांपाशी, त्यांच्या घरी. मी आता दुपारी जाते ते कुमकापीलाच. आर्मेनियन धर्मगुरूंची गादी तिथेच आहे, पण गल्ल्यांतून हल्ली परदेशातून पोटासाठी आलेली माणसं जास्त भेटतात. माझ्यासारखीच. अंधार पडायच्या आत घरी येते, आई, हे तूच दहा वेळा विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

आणि एक किस्सा खास बाबांसाठी. 1958 मध्ये गुलेर एका धरणाच्या उद्घाटनाचे फोटो काढायला पश्चिम तुर्कस्तानात आयदिनकडे गेला होता. परतताना गाडी रस्ता चुकली आणि रात्री गेयरे नावाच्या खेड्यात पोचली. बघतो तर चहाच्या टपरीत गावकरी रोमन खांबाच्या कोरीव माथ्याभोवती बसून पत्ते खेळतायत! दगडी शवपेट्यांत द्राक्षं तुडवायचे. घरांच्या भिंतीत, अंगणात, जिकडेतिकडे दोन हजार वर्षांपूर्वीचे संगमरवरी तुकडे. त्याने फोटो काढले, ते परदेशात छापून आले आणि 1961 पासून केनान एरिम या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन सुरू केलं. ते अफ्रोदिसियास शहर 2017 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. मला आपली कराडजवळची आगाशिवची लेणी आठवली. लेण्यात बांधलेल्या शेळ्या बघून तुम्ही केवढे चिडला होतात, आणि मग मला खांद्यावर घेऊन त्या शेळीवाल्याशीच तासभर गप्पा मारत बसला होतात.

गुलेर स्वतःला कलाकार म्हणवून घेत नसे. आपण बातमीदार, कॅमेऱ्याने इतिहास लिहितो, एवढंच. तोंडाने भलताच फटकळ. पण चार्ली चॅप्लिनच्या घरी गेला तेव्हा चॅप्लिन आजारी, चाकाच्या खुर्चीत होते, आणि याने कॅमेरा वर उचलला नाही, असं तोच सांगायचा. हे वाचलं तेव्हा बाबांचा वॉकर डोळ्यांसमोर आला. गेल्या खेपेला तुम्ही मला तो फोटो काढू दिला नाहीत, ते बरंच झालं. पुढच्या वेळी गल्ल्यावर बसलेला काढीन, पांढरा शर्ट, खिशाला पेन.

माझी काळजी नको. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हिवाळ्यात हीटर असतो. मसुराची डाळ इथे कुठल्याही वाण्याकडे मिळते, दही तर आपल्यापेक्षा घट्ट. एमिनोन्यूच्या मसाला बाजारात हळद-जिरं मिळतं, कालच वरणभात केला. चहा तेवढा बिनदुधाचा, काचेच्या इवल्याशा पेल्यात. शेजारच्या आजी रविवारी काहीतरी डबा देतातच. आईचा गोधडीचा तुकडा अजून उशीखाली असतो, हसू नका.

आता दुकानाचं. बाबा, ते माझ्यासाठी राखून ठेवू नका. बावीस तारखेपासून अण्णाचा मुलगा फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झालेला आहे, त्याच्या नावाने लायसन्सचे कागद करून घ्या आणि दुकान त्यांना भाड्याने द्या. विकायचं नाही. पाटीवर तुमचंच नाव राहील, तशी अट लिहून घ्या. तुम्ही सकाळी दोन तास जाऊन बसा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायला त्यांना तुम्ही लागणारच. मात्र स्टुलावर चढून वरच्या फळीला हात लावायचा नाही. शुगर दर सोमवारी उपाशीपोटी तपासून आकडा ताईला पाठवायचा. लोकांना गोळ्या मोजून देता आणि स्वतःची रात्रीची विसरता, हे चालणार नाही.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी उरकून घे. मी तिकीट काढलंय, दिवाळीला महिनाभर येते आहे, फराळ मी आणि ताई करू. तू फक्त पाटावर बसून चुका काढ.

तुमची,
धाकटी

ता. क. बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला बुधवारी माणूस येईल, पैसे मी दिलेत. त्याला "नंतर ये" म्हणून परत पाठवलंत तर ताई मला कळवणार आहे.