बसवून माप घेणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहायला तुम्हीच मनाई केलीत. "आधीचीच कामं उरकत नाहीयेत, आणखी गिऱ्हाईक पाठवू नकोस," म्हणालात. म्हणून नुसतं काकू. पुण्यातल्या ज्या बायका तुमच्याकडे ब्लाउज शिवतात त्या बरोबर ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

लग्न करायचं ठरलं तेव्हा मला चौथा महिना लागला होता. दोन्ही घरांत जे व्हायचं ते होऊन गेलं, ते इथे उगाळत नाही. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यायची, मग तीस दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. नाहीतर पुन्हा नवी नोटीस. १९५४ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शिंपी नसणार. त्या दिवसांत बाईचं माप महिनाभर जागच्या जागी थोडंच राहतं! त्यात तारीख कधी मिळेल, होणाऱ्या नवऱ्याला रजा कधी मिळेल, सगळंच अधांतरी.

तुमच्याकडे येण्याआधी मी लक्ष्मी रोड पालथा घातला होता. जिथे जाईन तिथे एकच पालुपद: "घेर भरपूर आहे मॅडम, काही दिसणार नाही." काही दिसायला नको असं मी कुणालाच म्हटलं नव्हतं! लेहेंगा घालून बघितला, तर कॅनकॅनचं (आतल्या कडक जाळीचं) आणि जरीकामाचं सगळं ओझं कमरेच्या एका नाडीवर, म्हणजे नेमकं नको तिथे. शेवटी आईची पैठणी नेसायची ठरवून एका दुकानात ब्लाउज टाकला. तो हातात आला तोवर घट्ट झाला होता, आणि उसवायचा म्हटलं तर आत बोटभरही माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, नाही. कडा कापून वर इंटरलॉक मारून मोकळे झाले होते. तो ब्लाउज पिशवीत घालून मी तुमच्या पायऱ्या चढले.

तुम्ही पहिल्यांदा काय विचारलंत, आठवतं? "डॉक्टरांनी तारीख कितीची दिलीय?" मग भिंतीवरचं कॅलेंडर उलटं मोजत गेलात, लग्नाच्या दिवशी कितवा महिना असेल ते काढलंत, आणि स्टूल पुढे सरकवलंत. "बस. उभ्याने घेतलेलं माप फोटोपुरतं. ऑफिसात तुला तासन् तास बसायचंय, सही करायला काय, पाच मिनिटं." बसल्यावर टेप पोटावरून फिरवलीत, एकदा सैल सोडून पुन्हा घेतलीत, आणि वहीत दोन्ही आकडे लिहिलेत. लाजायला वेळच दिला नाहीत. इतके दिवस सगळे माझ्या पोटाकडे बघत होते किंवा मुद्दाम बघत नव्हते. तुमच्या वहीत मात्र ते छाती, मुंढा, बाही यांच्याच ओळीत एक माप होऊन बसलं. हे पत्र खरं तर त्या एका ओळीसाठी आहे.

पैठणीला मात्र तुम्ही कात्री लावू दिली नाहीत. शिवलेल्या नऊवारीसारखं हिचंही तयार नेसण करून द्या, कमरेला इलॅस्टिक घाला, असा माझा हट्ट होता. तुम्ही साडी ट्यूबलाइटसमोर धरलीत आणि आईला बोलावून घेतलंत. घड्यांवर रेशीम विरायला लागलं होतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्यावर दुसरं काय होणार! "मागावरच्या साडीला मी कात्री लावणार नाही. साडी आहे तशीच राहू दे, परकर बदलू," म्हणालात.

त्या परकराबद्दल मी अजून भेटेल त्या मैत्रिणीला सांगते. नाडी नाहीच. वर टी-शर्टच्या कापडाचा वीतभर रुंद पट्टा, पोटाबरोबर ताणणारा. खाली सुती कापड, कारण साटीनवरून साडी घसरते. आणि पुढचा भाग पाठीपेक्षा लांब कापलेला. हे मला कळेना, तेव्हा जुना परकर घालून आरशासमोर उभं केलंत. पोटाने पुढची कड उचलली जाऊन घोटे उघडे पडले होते आणि मागे परकर फरशीला टेकत होता. निऱ्या कमी आणि बारीक घेऊन जराशा बाजूला खोचायच्या, उरलेलं कापड पदराला द्यायचं, हेही तुम्हीच नेसवून दाखवलंत. "पदर पोटावरून घ्यायचा की मोकळा सोडायचा ते तुझं तू बघ." मी मोकळा सोडला.

ब्लाउजचे खांदे, गळा आणि मुंढे तुम्ही आधी पक्के केलेत, बाजू मात्र शेवटपर्यंत कच्च्या टाक्यावर. आत दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया. हुकांसाठी आकड्यांच्या दोन रांगा, म्हणजे छाती भरली तरी एक घर पुढे सरकता येईल. हूक पाठीला हवेत म्हणून मी तुमच्याशी वाद घातला, फोटोत पुढून गळा छान दिसतो म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. कारणही सांगितलं नाहीत.

आणि ट्रायलला बसलेल्या त्या बाई! "लग्नाचा की डोहाळजेवणाचा?" असं मला ऐकू जाईल इतपतच हळू त्यांनी विचारलं. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "लग्नाचा. डोहाळजेवणाचा यानंतर घ्यायचाय. तुमचा गळा किती खोल ठेवू?"

आदल्या संध्याकाळी बाजू पक्क्या झाल्या. दुसऱ्या दिवशी विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाकड्यावर आमचा नंबर येईपर्यंत बसून होते. तिघा साक्षीदारांपैकी एक आधार कार्ड विसरून आला होता, तो ते घेऊन येईस्तोवर आणखी बसले. कुठे काचलं नाही, दर पाच मिनिटांनी उठून काही सावरावं लागलं नाही. नंतर मामींनी आग्रहाने दोनदा जिलबी वाढली, तीही पट्ट्याने सामावून घेतली.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. पुन्हा पुन्हा उसवून शिवल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. उसवायला नव्याने शिवण्याइतकाच वेळ जातो, नजरही तितकीच लागते. दुकानदार पुरुषाने असं काम फुकट केलं असतं का? पाकीट आईने मशीनच्या खणात ठेवलंय. आता परत पाठवू नका.

बाळ-बाळंतीण दोघंही खुशाल आहेत. बारशाला तोच ब्लाउज घातला होता, आकड्यांच्या बाहेरच्या रांगेवर. मध्येच लेक रडायला लागली, आणि आतल्या खोलीत जाऊन पुढचे हूक काढताना तुम्ही तेव्हा का ऐकलं नव्हतंत ते कळलं. बाह्या तेवढ्या दंडाला काचतायत. शनिवारी दुपारी तिला झोपवून येते. बाहीतही माया ठेवली असणारच तुम्ही.

तुमची,
पैठणीवाली