सीएसएमटीसमोरच्या चहावाल्या काकांना थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

जुलैतला शनिवार होता, पाऊस नुसता झोडपत होता आणि मी तुमच्या ताडपत्रीखाली कॅमेरा पोटाशी धरून उभी. एसी लोकलमधून थेट बाहेर आले त्यामुळे लेन्सवर वाफ धरलेली, मी ओढणीने पुसतेय, परत धरतेय, पुसतेय, परत धरतेय. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काच गार आहे गं पोरी, पुसून काय होणार, चहा घे तोवर." आणि खरंच, कटिंग संपेपर्यंत काच आपोआप साफ झाली. मग मी न मागता तुम्ही पावाच्या लादीची कोरडी पिशवी काढलीत, दाताने एक कोपरा फाडलात, त्यातून लेन्स बाहेर काढून वर रबरबँड लावून दिलात. मी महागडं रेनकव्हर घ्यायचं म्हणून पैसे साठवत होते, त्या दिवशी तुमच्या पिशवीनेच कॅमेरा वाचवला.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. समोर ती १८८८ सालची एवढी सुंदर इमारत, लाइट लागलेले, ओल्या रस्त्यावर पिवळा उजेड सांडलेला, आणि माझ्या फोटोत पाऊसच नाही! सगळं नुसतं ओलं. तुम्ही किटलीवरचा हात काढून बोट दाखवलंत, "बस वळते ना, तिच्या दिव्यात बघ, तिथंच पाऊस दिसतो." किती वर्षं तिथे उभं राहून बघितलं असेल तुम्ही ते. थेंबाच्या मागून उजेड आला आणि त्याच्याही मागे अंधार असला की एकेक धार वेगळी दिसते, हे मी वाचलं होतं पण दिसलं तुमच्यामुळे. मग बेस्टची बस समोरून येईल अशी जागा धरली, गुडघ्यावर बसले, शटर १/१२५ सेकंदावरून १/३० सेकंदावर आणलं, म्हणजे जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, तशा थेंबांच्या लांब रेषा यायला लागल्या. सव्वासातच्या सूर्यास्तानंतर आभाळ जेमतेम वीसेक मिनिटं निळं राहतं, त्यातली पंधरा मिनिटं तुम्ही गिऱ्हाइकांना "जरा बाजूने जा, फोटो चाललाय" सांगत होतात. धंद्याच्या वेळी! कोण करतं एवढं?

त्यातला एक फोटो मला फार आवडतो. बसच्या दिव्यासमोर छत्रीतला एक माणूस, छत्रीच्या कडेने चमकणारं पाणी, आणि डाव्या कोपऱ्यात तुमच्या किटलीची वाफ.

त्याची मोठी प्रिंट काढलीय, लॅमिनेट करून, पावसात खराब व्हायला नको. येत्या शनिवारी सहाच्या सुमारास घेऊन येते, आणि या वेळी चहाचे पैसे घ्यायचेत हां काका.