छपराचा मॅप

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी), म्हणजे फासे टाकत पात्रं होऊन गोष्ट रंगवायच्या आपल्या खेळाच्या, जुन्या कॅम्पेनच्या वह्या काढून बसलो. कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच लांब गोष्ट. चार वर्षांनी तू पुन्हा जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा गेम मास्टर होणार, याचा मला किती आनंद झालाय ते कसं सांगू! कोणता व्हीटीटी (व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे मॅप आणि टोकन मांडून ऑनलाइन खेळायचं टेबल) घेऊ आणि अजून काही चांगलं यायची वाट बघू का, असं तू विचारलंयस. वाट बघू नकोस. का, ते जरा लांबण लावून सांगतो, कारण गेलं वर्षभर माझ्याही डोक्यात हेच घोळतंय.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाला एका सरदाराच्या हवेलीत शिरायचं होतं. त्या हवेलीचा मॅप मी तीन संध्याकाळी बसून केला होता. प्रत्येक भिंत आखलेली, प्रत्येक दार उघडणारं, कुठल्या मशालीचा उजेड किती फुटांपर्यंत पोचेल तेही ठरवलेलं. सेशन सुरू झालं आणि चोराचं पात्र खेळणाऱ्यानं विचारलं, "छपरावरून जाता येईल का? कौलं काढून आत उतरतो."

कल्पना सुंदर होती. माझ्याकडे छपराचा मॅप नव्हता. मी म्हणालो, "पावसानं कौलं निसरडी झालीयत, अवघड आहे." त्या क्षणापर्यंत गोष्टीत पाऊस नव्हताच. तो काही बोलला नाही, टोकन उचलून त्यानं मुख्य दारासमोर आणून ठेवलं. पुढचे तीन तास तो दिसेल त्या दारातून आत जात राहिला, दुसरं काही त्यानं विचारलं नाही. टेबलाभोवती बसलो असतो, तर मी कागद उलटा करून पेन्सिलीनं चार रेघा मारल्या असत्या आणि म्हणालो असतो, टाक फासा.

तेव्हापासून कुठलाही नवा व्हीटीटी दिसला की मी एकच गोष्ट बघतो. सेशन चालू असताना, खेळाडू थांबलेले असताना, नवं छप्पर रेखाटायला किती वेळ लागतो?

आता तू ज्याबद्दल उत्साहानं लिहिलंयस त्या थ्रीडीकडे येतो. डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या थ्रीडी टेबलाची घोषणा केली. अनरियल इंजिन या व्हिडिओ गेमच्या सॉफ्टवेअरवर चालणारं, रंगवलेल्या मिनिएचरसारख्या पात्रांचं ते टेबल 'सिजिल' नावानं फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांच्या हाती आलं. पुढच्याच महिन्यात ते बनवणाऱ्या बहुतेकांना कामावरून कमी केलं गेलं. मला त्या लोकांसाठी मनापासून वाईट वाटलं. काम देखणं होतं. पण विचार कर, टूडीमध्ये छपरासाठी एक चौकोन पुरतो. थ्रीडीमध्ये कौलं हवीत, उतार हवा, खालची माडी हवी आणि ती रिकामी दिसू नये म्हणून सामानही हवं. मॅप जितका सुंदर, तितका जीएम खेळाडूंना मॅपबाहेर जाऊ द्यायला कचरतो. त्याच कंपनीच्या डी अँड डी बियाँड या वेबसाइटवरचा साधा टूडी 'मॅप्स' मला कितीतरी जास्त कामाचा वाटतो. आउलबेअर रोडिओ हा व्हीटीटी तर त्याहून साधा. चित्र टाकलं, टोकन ठेवलं, झालं.

याचा अर्थ मी पुन्हा कागदाकडेच चल म्हणतोय असं समजू नकोस. तुला ती विहीर आठवते ना? तुझा माणूस मशाल विझल्यावर मागे राहिला होता. डायनॅमिक लाइटिंगमुळे, म्हणजे पात्राला दिसेल तेवढंच स्क्रीनवर दाखवायच्या सोयीमुळे, तुझा पूर्ण स्क्रीन काळा, आणि बुटक्याला (ड्वार्फच्या पात्राला) मात्र अंधारात साठ फूट दिसत होतं. तो सांगत होता, "डावीकडे ये, तिथे पायरी आहे," आणि तू विचारत होतास, "नक्की? तुला खरंच दिसतंय?" टेबलावर सगळ्यांना सगळा मॅप दिसतो आणि आपण न दिसल्यासारखं खेळतो. त्या रात्री तुला खरोखरच दिसत नव्हतं. व्हीटीटीनं जे काही नवीन द्यायचं, ते या जातीचं असावं असं मला वाटतं: प्रत्येकाला वेगळं माहीत असणं. एका खेळाडूलाच ऐकू येणारी कुजबुज. एकालाच वाचता येणारी लिपी. यावर अजून फार कमी काम झालंय आणि इथे करण्यासारखं अमाप आहे.

आमच्या गटात आता एक जण आहे जिला कमी ऐकू येतं. ती चॅटवर वाचते, चॅटवरच बोलते, आणि तिची चेटकीण आमच्यातलं सगळ्यात धारदार पात्र आहे. मॅपच्या दहा सुधारणांपेक्षा मला चॅटची एक सुधारणा हवी.

एआयबद्दल तू विचारलंस. मागच्या सेशनमध्ये काय झालं त्याची टिपणं काढायला, कुणाला किती सोनं मिळालं ते लक्षात ठेवायला जरूर वापर. पण दरवानाशी खेळाडू बोलायला लागला की उत्तर तू दे. दरवान घाबरलाय हे तुझ्या आवाजातून कळू दे.

आणि एक काळजीनं सांगतो, कॅम्पेन आपल्या ताब्यात ठेव. माझी पहिली तीन वर्षांची नोंद एका सेवेवर होती. ती बदलली आणि माझ्या हातात काही स्क्रीनशॉट उरले. फाउंड्री हा व्हीटीटी मला म्हणून आवडतो. मे २०२० मध्ये तो आला तेव्हापासून एकदाच विकत घ्यायचा, तोही फक्त जीएमनं. आपल्या मशीनवर चालतो, खेळाडू ब्राउझरमधून येतात. मात्र कॅम्पेन मध्यावर असताना नवी आवृत्ती घेऊ नकोस, मॉड्यूल्स (वरून जोडलेल्या सोयी) मोडतात. आधी फोल्डरची प्रत काढ.

नियमांच्या बाबतीत आता तेवढी भीती नाही. जानेवारी २०२३ मध्ये, इतरांनी डी अँड डीचे नियम कसे वापरावेत यासाठीच्या नव्या परवान्याच्या मसुद्यात विझर्ड्सनं लिहिलं होतं की मॅजिक मिसाइल या मंत्राचं अॅनिमेशन मॅपवरून धावलं तर तो टेबलावरचा अनुभव नव्हे, आणि इतरांच्या व्हीटीटीला त्याची मुभा नाही. जगभरचे खेळणारे खवळले, मीही खवळलो. कुणी मॅपवर काय दाखवावं हे दुसऱ्यानं ठरवायचं? त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी एसआरडी ५.१, म्हणजे खेळाच्या मूळ नियमांची संहिता, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली खुली केली, आणि ते परत घेता येत नाही. म्हणजे उद्या दोन मित्रांनी बसून स्वतःचा छोटासा व्हीटीटी लिहिला, तर त्यात ते नियम घालायला कुणाची परवानगी लागणार नाही. पुढच्या काळातलं सगळ्यात चांगलं टेबल असंच कुणीतरी बनवेल, अशी मला आशा आहे.

तुझ्या पहिल्या सेशनसाठी एक कोरं पान मॅपच्या शेजारी उघडं ठेव, फक्त ग्रिड असलेलं. आणि माझ्यासाठी एक जागा. कॅरॅक्टर अजून ठरलेलं नाही, पण त्याला चढता येत असेल.

तुझा,
जुना जीएम