आमच्या कौन्सिलला नकाराचा अधिकार परत द्या

25 ऑक्टोबर 2024

मा. संस्कृती, माध्यमे व क्रीडा मंत्री,
लंडन, यांस,

सादर नमस्कार.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या बँकेच्या जागेत, या सोमवारी सट्ट्याचे तिसरे दुकान उघडले. चाळीस घरांनी सह्या करून विरोध नोंदवला होता. कौन्सिलने, म्हणजे आमच्या नगरपालिकेने, कळवले की, 2005 च्या जुगार कायद्यानुसार परवाना देण्याकडेच त्यांचा कल असला पाहिजे आणि आसपास अशी दुकाने आधीच पुरेशी आहेत, एवढे कारण नकाराला चालत नाही. दुकानांच्या गर्दीचा एकत्रित परिणाम तपासण्याची मुभा कौन्सिलांना देऊ, असे 2023 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने लिहून दिले होते. ते सरकार गेले, आपले आले. मुभा अजून आलेली नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या माणसांसाठी, कारण हे दुखणे आमच्याकडे चारचौघांत कोणी बोलत नाही.

माझे यजमान 1978 साली इथे आले आणि होजिअरीच्या कारखान्यात लागले. शनिवारी ते घोड्यावर पन्नास पेन्स लावत, आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पूर्वी हेही मजुराला कायद्याने करता येत नसे: 1906 च्या कायद्याने रस्त्यावर पैज घेणाऱ्या बुकीला आणि पैज लावणाऱ्या मजुराला पोलीस पकडत, तर पैसेवाला माणूस बुकीकडे उधारीचे खाते ठेवून घरबसल्या बिनधास्त खेळे. तो अन्याय दूर करण्यासाठीच 1960 चा कायदा झाला आणि 1 मे 1961 पासून परवानाधारक दुकाने उघडली. पण त्या वेळच्या संसदेने मोह वाढू नये म्हणून अटी घातल्या होत्या: टीव्ही नको, चहापाणी नको, आतला व्यवहार रस्त्यावरून दिसता कामा नये. शिवाय परिसराची गरज आधीच भागत असेल, तर दंडाधिकारी नवा परवाना नाकारू शकत होते. टीव्ही आणि चहा 1986 मध्ये आत आले. गरजेची अट 2005 च्या कायद्याने काढून टाकली, आणि मंत्रिमहोदय, तो कायदा आपल्याच पक्षाच्या सरकारने केला होता.

त्याच कायद्याने प्रत्येक दुकानात जुगाराची चार मशिने बसू दिली, ज्यांवर दर वीस सेकंदांना शंभर पौंड लावता येत. कारखाना बंद पडल्यावर माझे यजमान त्या मशिनांसमोर उभे राहू लागले. सहा वर्षांत एकतीस हजार पौंड गेले. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या गहाण पडल्या आणि सुटल्या नाहीत. मुलीच्या लग्नाआधी ते माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. 2016 मध्ये ते वारले. शंभराची मर्यादा दोन पौंडांवर आली ती एप्रिल 2019 मध्ये. तीही आणखी लांबवली जात होती म्हणून आपल्याच खात्याच्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला, तेव्हा.

कर तुम्ही लंडनमध्ये गोळा करता, नफा कंपन्या नेतात आणि उद्ध्वस्त घरे आमच्या रस्त्यावर राहतात. मतदार म्हणून आम्ही निवडून दिलेल्या कौन्सिलला मात्र एका दुकानाला नाही म्हणता येत नाही. ही कसली लोकशाही?

परवाना देण्याकडेच कल ठेवायला लावणारे 2005 च्या कायद्यातील ते कलम बदलणारे विधेयक संसदेत कोणत्या तारखेला मांडणार, ती तारीख मला लेखी कळवावी.

आपली,
एक विधवा मतदार