रक्तदाब योगाने उतरला की उन्हाळ्याने?

संपादक महोदय,

माझी सून मकरपुऱ्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात आहे. तिथे जानेवारीत, उत्तरायणाचा उंधियु अजून अंगावर असताना, सगळ्यांचा रक्तदाब मोजला. मग चार महिने रोज सकाळी अर्धा तास योगासने, आणि मेमध्ये पुन्हा मोजणी. परवा नोटिसबोर्डावर लागले, 'सरासरी रक्तदाब उतरला, उपक्रम यशस्वी'. केकही कापला म्हणे. योग करून केक!

माझी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली, त्यामुळे राहवेना. सुनेच्या विभागातल्या आठ जणांनी नावे खोडून आपल्या चिठ्ठ्या दिल्या. वरच्या आकड्यातली घट अशी: १२, १०, ८, ६, २, एकाचा होता तेवढाच, आणि दोघांचा उलट २ नि ४ ने चढलेला. सरासरी घट ४. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करायची, म्हणून जोडीची टी-चाचणी लावली, म्हणजे ही घट नुसत्या योगायोगाची असू शकेल का हे पाहणारा हिशेब. फरकांचे प्रमाणित विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले याचे माप) ५.८६, ते आठाच्या वर्गमुळाने भागले की २.०७. चाराला २.०७ ने भागले, टी आला १.९३. नुसत्या योगायोगाने एवढा टी येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठरायला कोष्टक २.३६५ मागते; आपला टी त्याला पुरत नाही. केक जरा घाईने कापला.

(ही चाचणी १९०८ साली मांडणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते, आणि त्यांनी उदाहरण घेतले ते दहा रुग्णांच्या झोपेचे. योगाचा हिशेब बिअरवाल्याकडून, याची सुनेला भारी गंमत वाटली.)

सगळ्या ऑफिसचे आकडे घातले तर टी कोष्टकाच्या पुढे जाईलही. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, उन्हाळ्यात उतरतो. मी एकही आसन करत नाही, तरी गेल्या मेमध्ये डॉक्टरांनी माझी गोळी अर्धी केली होती. फरक पडला एवढेच चाचणी सांगते. तो योगाचा की बडोद्याच्या उन्हाचा, हे तिला ठाऊक नसते. शिवाय जे फेब्रुवारीतच कंटाळून गळाले त्यांची दुसरी चिठ्ठीच नाही, म्हणजे जोडीच नाही. ते हिशेबातून आपोआप बाद.

असाच एक कर्मचारी-आरोग्य उपक्रम पारखायला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे ५००० कर्मचाऱ्यांचे सोडत काढल्यासारखे गट पाडले होते, काहींना उपक्रम खुला, काहींना नाही. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: स्वखुशीने भाग घेणारे आधीपासूनच तब्येत सांभाळणारे होते, आणि गटाशी गट ताडला तेव्हा पहिल्या वर्षी औषधपाण्याच्या खर्चात म्हणावा असा फरक दिसला नाही.

योगाला माझा विरोध नाही. दिवाळीनंतर दुसरी तुकडी सुरू होणार आहे असे सून सांगते. तेव्हा चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी घ्यावे, निम्म्यांना चार महिने थांबवावे, आणि दोघांचाही रक्तदाब त्याच आठवड्यात, त्याच यंत्रावर मोजावा. आकडेमोड मी फुकट करून देईन.

एक निवृत्त तपासनीस,
दांडिया बाजार, बडोदे