दिवाळीच्या सजावटीसाठी समुद्र नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दिवाळीनिमित्त घर सजवण्याच्या कल्पना आल्या होत्या. त्यात खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकीही सुचवली होती. फोटो फार देखणा होता. पण तो पाहून सांगली-मिरजेतली चार कुटुंबं जरी दुकानात गेली, तरी टाकीतल्या प्राण्यांचं काय होईल हे मी अनुभवाने जाणते, म्हणून हे पत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दहा वर्षांपूर्वी अशीच हौसेने टाकी आणली. दुकानदाराने टाकी, मीठ, दोन क्लाऊन मासे आणि एक समुद्रफूल (सी ॲनिमोनी, फुलासारखा दिसणारा प्राणी) एकाच दिवशी गाडीत घालून दिलं. थांबा, असं तो म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. आठव्या दिवशी पहाटे उठले तर समुद्रफुलाच्या पाकळ्या ओल्या कापसासारख्या लोंबत होत्या, अर्धं अंग पंपाच्या जाळीत ओढलं गेलं होतं आणि पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. दुपारपर्यंत दोन्ही मासे गेले.

कारण साधं आहे. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू दगडांवर, वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यात कुठलाही जीव सोडणं म्हणजे त्याला विषात सोडणं. समुद्रफुलाला तर त्यानंतरही कित्येक महिने मुरलेली टाकी लागते.

दुसरी चूक याहून जास्त लागली. माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून दुकानातून निळं औषध मिळालं. टाकीत दोन कोळंब्या होत्या, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या. हात पाण्यात घातला की त्या नखांभोवती फिरून बोटं साफ करत. औषध घातलं त्या रात्रीत दोन्ही मेल्या. ते औषध तांब्याचं होतं. तासगावचा कुठलाही द्राक्षबागायतदार मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, ओळखतो, मीही वर्गात दरवर्षी दाखवते. माशाला सोसणारं तांबं कोळंबी, शंख, प्रवाळ यांना मारतं आणि दगडात, वाळूत मुरून बसतं. बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग मी नीट शिकले. घरचं मीठ चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम नसतं. समुद्री मिठाचं मिश्रण आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. तापमान २५-२६ अंशांवर ठेवावं लागतं आणि आपला मे महिना ४० अंशांचा. पाणी ३० अंशांच्या वर राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली, त्याला अन्न पुरवणारी शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला समुद्र तापल्यावर हेच घडलं. मी टाकीवर पंखा लावते, त्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं पण उडतंही. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. काचेवर पाण्याच्या रेषेला मी एक टिकली चिकटवली आहे. सकाळी चहाआधी त्या टिकलीपर्यंत पाणी भरते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागात राहतो. होडीतून बाहेर पडताना पहिल्या मजल्यावरची टाकी तशीच सोडावी लागली, कारण तेव्हा माणसं आधी. आठ दिवसांनी परतलो तेव्हा जिन्यातच वास आला. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाण्यात प्राणवायू नाही. एकही जीव उरला नव्हता.

आज माझ्याकडे पुन्हा प्रवाळ आहे ते एकाच कारणाने. पुराच्या आदल्या वर्षी विश्रामबागेतल्या एका स्नेह्यांना मी मशरूम प्रवाळाचा (मऊ, दगडी सांगाडा नसलेलं प्रवाळ) तुकडा दिला होता. धारदार पात्याने त्याचे तोंडावरून दोन भाग करायचे, वाटीत खडे घालून त्यावर ठेवायचे, वर जाळी बांधायची. दोनेक आठवड्यांत ते खड्याला धरतात आणि पुढे दोन्ही भाग पूर्ण वाढतात. त्यांनी मला त्यातलाच एक परत दिला. (झोअँथिड जातीचं प्रवाळ मात्र घरी कापू नये. त्यातलं पॅलिटॉक्सिन फार जहाल विष आहे, आणि ते ज्यावर वाढतं तो दगड उकळणं तर त्याहून घातक.)

म्हणून विनंती अशी की समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ कुणी घेऊ नये. दगडासारखा सांगाडा करणारी सगळी प्रवाळं, तसेच समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. दुकानात ‘जिवंत दगड’ म्हणून मिळतो तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. त्याऐवजी सिरॅमिकचे दगड घ्यावेत. दुकानदारांनीही टाकी विकताना सहा आठवडे थांबा एवढं कागदावर लिहून द्यावं. त्यांचं गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट टिकेल.

माझ्याकडे मशरूम प्रवाळाचे चार तुकडे सिरॅमिकच्या चकत्यांवर धरलेले आहेत. ज्यांची टाकी सहा आठवडे चालली आहे, अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी शून्य येते आणि वीज गेल्यावर पंप चालवायला इन्व्हर्टर आहे, त्यांना ते मी विनामूल्य देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. चाचणीची नळी सोबत आणावी, मी रंग पाहून मगच देईन.

कळावे,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका,
गावभाग, सांगली